भुंग्याची टिकली

मुंबईच्या विमानतळावर भुंग्याची पिशवी दिसली आणि हेमलताबाईंच्या पुढची रांग आपोआप बाजूला सरकली. पुढे जा असे कुणी म्हटले नाही. पण चार माणसांनी एकदम पाय मागे घेतले, एका बाईने पर्समधून अत्तराची कुपी काढून मानेला चोळली आणि सुटाबुटातला एक गृहस्थ फोन आल्याचे सोंग करून पार पलीकडच्या खांबाआड गेला. हेमलताबाईंना आधी वाटले, म्हाताऱ्या बाईला वाट दिली, आपल्या लोकांत अजून रीतभात शिल्लक आहे. मग लक्षात आले की सगळ्यांचे डोळे पिशवीच्या जाळीवर आहेत. जाळीतून भुंगा, म्हणजे काळ्या लोकरीच्या गुंड्याएवढा त्यांचा कुत्रा, कुतूहलाने बाहेर बघत होता आणि त्याच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधोमध, टिकली हिरवी लुकलुकत होती.

लोक कशाला भितात कोण जाणे, त्या मनात म्हणाल्या. कुत्रा चावला तर भ्या, नुसता हुंगतोय तर काय होतंय.

हेमलता सगरे मिरजेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जन्मभर नकाशावर छडी ठेवून देश दाखवले, पण स्वतः कधी देशाबाहेर पाऊल टाकले नव्हते. आता टाकत होत्या ते कायमचेच. यजमान, उदयराव, जाऊन पाच वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा समरजित उत्तर युरोपातल्या एका थंड देशात पवनचक्क्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तिथेच कायम राहण्याचा परवाना त्याला लवकरच मिळायचा होता आणि सून प्राचीला सातवा महिना लागला होता. मिरजेचं घर आता आवर आणि इकडे ये, असा समरने धोशा लावला होता. हेमलताबाईंनी फ्लॅट पुतण्याकडे सोपवला, भांडीकुंडी वाटून टाकली, पण भुंग्याला काही वाटून टाकता येईना. उदयराव गेल्यावर त्या रिकाम्या घरात दुसरे जिवंत पाऊल वाजत होते ते त्याचेच. येईन तर याला घेऊन येईन, नाहीतर मी आपली इथेच बरी, असे त्यांनी समरला निक्षून सांगितले आणि समर हसून कबूल झाला. डिसेंबरात तो घराची कागदपत्रे मार्गी लावायला एकटाच आला होता, तेव्हा भुंग्याने त्यालाही पुरता खिशात टाकला होता.

पूर्वी कुत्रा परदेशी न्यायचा म्हणजे दिव्य असे. लसी, रक्ततपासणी, मग महिनोन्महिने वाट बघायची आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा जनावराला कोंडून ठेवायचे. ते सारे टिकलीने संपवले. तिचे शास्त्रीय नाव घ्राणवाचक, पण आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात तिची टिकली झाली, कारण दिसते तशीच.

टिकली करते ते असे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. त्या पेशींचे निरोप मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या घ्राणकंदात जातात आणि प्रत्येक वासाची तिथे विजेची वेगळी रांगोळी उमटते. टिकली ती रांगोळी कवटीच्या बाहेरून टिपते आणि हजारो कुत्र्यांवरून शिकलेले यंत्र ती कशाची हे सांगते. आजार माणसाच्या घामाचा आणि त्वचेवरच्या तेलाचा वास बदलतो. काही आजारांत हा बदल पहिले लक्षण दिसायच्या कित्येक वर्षे आधी होतो. कुत्र्यांना हे पहिल्यापासून कळत होते, ती सांगतही होती, फक्त ते वाचणारा कुणी नव्हता.

मधल्या साथीने हात पोळलेल्या देशांना हा सोन्याहून पिवळा सौदा वाटला. विमानाच्या डब्यात मालकाच्या पायाशी बसून आलेले छोटे कुत्रे आठ-नऊ तास शेकडो माणसांचा वास घेते. तेव्हा कुत्र्याला मुक्त प्रवेश, अट एकच, कपाळाला टिकली हवी आणि उतरल्यावर तिची नोंद उघडली जाईल. साथीचे रोग पकडता पकडता टिकली बाकीचेही सांगू लागली. मग काही देशांनी हळूच आणखी एक कायदा केला. कायम राहायला येणाऱ्या परक्या माणसाला पुढे दीर्घ आणि खर्चिक आजार होणार असे दिसले, तर त्याला ठेवून घ्यायचे नाही. आधीपासून राहत असलेल्या परक्यालाही तोच नियम. एवढे झाल्यावर विमानतळावरची माणसे एवढासा पोमेरेनियन कुत्रा बघून अत्तर का चोळू लागली हे सांगायला नको.

हेमलताबाईंनी हे सगळे वर्तमानपत्रात वाचले होते. पण साठी उलटली तरी जिने चढताना दम लागत नाही, साखर नाही, दाब नाही, तेव्हा आपल्याला त्याचे काय, असा त्यांचा हिशेब होता. त्यांना काळजी होती ती भुंग्याच्या वजनाची. पिशवीसकट ठरलेल्या वजनाच्या वर चालत नाही म्हणून महिनाभर त्याची सकाळची तूप-चपाती बंद केली होती आणि तो त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता की त्यांना स्वतःला घास गोड लागत नव्हता. सांगलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी टिकली बसवून दिली आणि सांगितले, पिशवीत तुमच्या वापरातले एखादे न धुतलेले कापड घाला, ओळखीच्या वासाने जनावर शांत राहते. फक्त तुमच्याच वापरातले हं, दुसऱ्या कुणाचे नको.

हेमलताबाई बरं म्हणाल्या आणि घरी येऊन त्यांनी पिशवीत गोधडी घातली. ती त्यांनी स्वतः शिवलेली होती, उदयरावांच्या जुन्या शर्टांची, हात-दीड हाताची, पायांवर घ्यायची. आता घरातली गोधडी कुणा एकाची असते का. ज्याला थंडी वाजते त्याची.

---

विमान समुद्रावर आल्यावर भुंगा आधी थोडा कुरकुरला, मग गोधडीत तोंड खुपसून बराच वेळ हुंगत राहिला. मग त्याने ते केले जे तो हल्ली अधूनमधून करायचा. पाठ फिरवली, कान पाडले आणि नाक पिशवीच्या कोपऱ्यात लावून दगडासारखा बसून राहिला. शेजारी एक गोरा म्हातारा पुस्तक वाचत होता. त्याचे लक्ष खाली गेले आणि तो पुस्तक मिटून उठलाच. हेमलताबाईंनी वाकून पाहिले तर टिकली पिवळी झाली होती. हवाईसुंदरीने हसत हसत म्हाताऱ्याला मागची जागा दिली. बिचाऱ्याला काहीतरी झालेले दिसते, हेमलताबाईंच्या मनात आले आणि त्यांना त्याची खरोखरच कीव आली.

उतरल्यावर मात्र म्हातारा सरळ दाराबाहेर गेला आणि हेमलताबाईंना एका काचेच्या खोलीत नेऊन बसवले.

खोली स्वच्छ होती, उबदार होती, भिंतीवर डोंगरांचे चित्र होते. समोरची अधिकारी बाई तिशीची असेल. तिने आधी भुंग्याला वाटीत पाणी दिले, त्याच्या कानामागे खाजवले, त्यामुळे हेमलताबाईंना ती आवडली. ती तिच्या भाषेत बोलायची आणि टेबलावरचे यंत्र त्याचे मराठी करायचे. यंत्राचे मराठी असे शुद्ध होते की शाळेत असते तर त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते.

"महोदया, आपल्या पाळीव प्राण्याने प्रवासात वारंवार एकाच वासाची नोंद दिली आहे. हा वास एका मज्जाविकाराच्या पूर्वावस्थेशी जुळतो. आपल्या भाषेत त्यास कंपवात म्हणतात."

हेमलताबाईंना त्या शब्दाचा अर्थ यंत्राकडून समजून घ्यायची गरज नव्हती. नऊ वर्षे त्या त्या शब्दाशी एका घरात राहिल्या होत्या. उदयरावांच्या सदऱ्याची बटणे लावली होती, चमच्याने भरवले होते, शेवटी शेवटी त्यांना कुशीवर वळवले होते. स्वतःचे दोन्ही हात त्यांनी टेबलावर ठेवून पाहिले. हात स्थिर होते. मग त्यांना एकदम गोधडी आठवली आणि जीव भांड्यात पडला. हा वास आपला नव्हेच, हा उदयरावांचा.

"ही गोधडी माझ्या यजमानांच्या शर्टांची आहे," त्या घाईने म्हणाल्या. "ते पाच वर्षांपूर्वी गेले."

अधिकारी बाईने मान हलवली. पाच वर्षांत ही धुतली गेली आहे का, असे यंत्राने विचारले. धुतली तर होतीच. गेल्या दिवाळीच्या आधी सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवून, दगडावर आपटून, गच्चीवर कडक वाळवली होती. त्यांनी तसे सांगितले. त्यावर यंत्र म्हणाले की तेवढ्या धुण्यात जुना वास राहत नाही, नोंद ताज्या वासाची आहे, काही महिन्यांतल्या.

"त्यानंतर हे पांघरूण कोणी वापरले, महोदया?"

हेमलताबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच त्यांना डिसेंबर आठवला.

समर हॉलमधल्या पलंगावर झोपायचा. खांद्यावरून ही गोधडी ओढून घ्यायचा, बाबांच्या शर्टांची म्हणून. भुंगा उडी मारून त्याच्या उशाशी जायचा, त्याच्या मानेशी नाक लावून हुंगायचा आणि मग पाठ फिरवून, कान पाडून गप्प बसायचा. रुसलाय तुझ्यावर, असे म्हणून त्या हसायच्या. समर परत गेला त्या दिवशी त्यांनी केर काढला नाही की त्याचे अंथरूण उचलले नाही. माणूस प्रवासाला निघाले की मागे लगेच झाडलोट करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, ते मयताच्या घरी करतात. ही रीत त्यांच्या सासूबाईंनी त्यांना घालून दिली होती. एरवी दुसऱ्या दिवशी धुवायचे. पण या खेपेला त्यांचे मनच झाले नाही. गोधडी तशीच पलंगावर राहिली, तिच्यावर भुंगा झोपू लागला आणि तिला पोराचा वास येतो म्हणून त्याही कधीमधी तोंडाशी धरायच्या. पोराच्या वाटेत काही अशुभ येऊ नये म्हणून जपून ठेवलेला तो वास त्यांनी स्वतःच्या हाताने घडी घालून, समुद्रापार आणून, या टेबलावर ठेवला होता.

आणि ते दूध. सकाळी त्या अंघोळीला गेल्या होत्या, गॅसवर पातेले होते, समर तिथेच ओट्याला टेकून मटार सोलत होता. दूध उतू गेले, आटले, पातेले काळेठिक्कर पडले, करपलेला वास बाथरूमपर्यंत आला तेव्हा त्या धावत बाहेर आल्या. तो आपला शांतपणे मटार सोलत होता. नाक आहे की नाही तुला, असे त्या ओरडल्या तेव्हा तो ओशाळून सर्दीचे काहीतरी बोलला. सर्दी त्याला नव्हती. उदयरावांचेही आधी नाकच गेले होते. हात थरथरायच्या कितीतरी आधी, विटलेली आमटी त्यांनी मिटक्या मारत खाल्ली होती आणि घरातले सगळे हसले होते.

यंत्र वाट बघत होते. अधिकारी बाईही वाट बघत होती, घाई अजिबात नव्हती.

"मीच," हेमलताबाई म्हणाल्या. "माझीच आहे ती. दुसरं कुणी घेत नाही."

पुढचे बाई समजावून सांगत गेली. हेमलताबाईंपुढे दोन वाटा होत्या. नोंद मान्य केली तर संध्याकाळच्या विमानाने कुत्र्यासह परत, विषय तिथेच संपला. मान्य नसेल तर दाद मागता येईल, पण मग घरातल्या सर्वांची तपासणी होईल, बोलावून घेणाऱ्याचीसुद्धा, म्हणजे समरची. मी मान्य केलं तर मुलाला काही विचारणार का, असे त्यांनी विचारले. हा विकार बहुधा वंशपरंपरेने येत नाही, त्यामुळे नाही, असे यंत्र म्हणाले. मग बाईने सहज विचारावे तसे विचारले की कुटुंबात पूर्वी कोणाला हा आजार होता काय, आणि यजमान कशाने गेले.

"नाही, कुणाला नव्हता," हेमलताबाई म्हणाल्या. "ते हार्टनं गेले. झोपेत."

नऊ वर्षांचे ते आजारपण त्यांनी एका वाक्यात पुसून टाकले. उदयराव, माफ करा, असे मनात म्हणत त्यांनी दाखवतील तिथे अंगठा टेकवला.

---

समरला भेटायला थोडा वेळ दिला होता, त्याच काचेच्या खोलीत. बाई दाराशी उभी होती आणि टेबलावरच्या यंत्राचा दिवा चालूच होता. समर धापा टाकत आला. गळ्यात करडा मफलर, केस विस्कटलेले, डोळे आधीच लाल. त्याला बाहेरच पिशवीतल्या गोधडीसकट सगळे सांगितलेले दिसत होते. आई, एवढेच म्हणून त्याने त्यांना घट्ट धरले, आणि हेमलताबाईंना वाटले की आपण आत्ता इथे रडलो तर सगळे तोंडातून बाहेर पडेल. त्या रडल्या नाहीत.

त्याचा आवाज ऐकून खुर्चीखालच्या पिशवीत भुंगा वेडापिसा झाला. नखांनी जाळी ओरबाडू लागला, शेपटी पिशवीवर धडाधड आपटू लागली. समर लगेच खाली वाकला, पिशवीची चेन त्याने धरली सुद्धा. हेमलताबाईंनी पायाने पिशवी मागे ढकलली.

"हात लावू नकोस त्याला."

समर तसाच वाकलेला राहिला. नियम आहे, असे त्या घाईघाईने म्हणाल्या. तेवढ्यात टेबलावरचे यंत्र अदबीने बोलले, "महोदया, पाळीव प्राण्यास स्पर्श करण्यास मनाई नाही."

"मला नाही चालायचं," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. "तिकडे बस. त्या खुर्चीवर."

तो बसला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते त्यांना पाहवले नाही. आईला राग आला आहे, कुत्र्याचा, त्याचा, ये म्हणून हट्ट धरल्याचा, असेच त्याला वाटत असणार आणि वाटू देण्यावाचून इलाज नव्हता. त्याने प्राचीचे सांगितले, बाळासाठी रंगवलेल्या खोलीचे सांगितले. खोलीला खिडकी पूर्वेची आहे, तुला उन्हात बसायला. त्या हं हं करत राहिल्या. मग तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, आई, तू घाबरू नकोस, बाबांच्या वेळी आपल्याला काहीच...

"बाबांचं इथं काय," हेमलताबाईंनी त्याला मध्येच तोडले. "ते हार्टनं गेले. झोपेत गेले."

समर त्यांच्याकडे बघत राहिला. बापाला त्याने स्वतः उचलून न्हाणीघरात नेले होते, शेवटच्या वर्षी नोकरीवरून रजा काढून. त्याच्या डोळ्यांत हळूहळू भीती दाटून आली आणि ती कसली ते हेमलताबाईंना बरोबर कळले. आजार आईच्या डोक्यापर्यंत पोचला, असे त्याला वाटले होते. यंत्राचा दिवा चालू होता. त्यांनी ते तसेच राहू दिले.

"बरं," तो सावकाश, लहान मुलाशी बोलावे तसे म्हणाला. "झोपेत गेले. आई, नीट ऐक. आता औषध आहे. हात थरथरायच्या आधी सुरू केलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही म्हणतात. मी पूर्वी म्हणायचो ना, मला असलं काही व्हायचं असेल तर सांगू नका, मला कळून घ्यायचं नाही. मूर्ख होतो मी. तुला आधी कळलं हे नशीब समज."

हेमलताबाईंच्या ओठांशी शब्द आले. तीन-चारच शब्द होते, आणि ते बोलले की पुढच्या क्षणी यंत्र त्यांचे शुद्ध भाषांतर करून दाराशी उभ्या बाईला देणार होते. मग परवाना गेला, नोकरी गेली, सातव्या महिन्यात प्राचीला घेऊन बॅगा भरायच्या. आणि न बोलावे तर औषधाचे दिवस एकेक करून हातातून जायचे. त्यांनी वेळेवर जेवत जा असे सांगितले.

वेळ संपली. उठताना समरने गळ्यातला मफलर काढून त्यांच्या गळ्यात गुंडाळला, विमानात गारठा असतो म्हणून. दिवाळीला येतो म्हणाला, तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतो म्हणाला. मग तो लांबलचक काचेच्या बोळातून चालत गेला. हेमलताबाई त्याच्या पाठीकडे बघत होत्या. त्याचा उजवा हात चालीबरोबर पुढे-मागे हलत होता. डावा हात नुसता लोंबत होता. फोन धरला असेल, त्यांनी स्वतःला सांगितले. वळणावर त्याने निरोपाला दोन्ही हात वर केले, आणि दोन्ही रिकामे होते.

---

परतीच्या विमानात त्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. का ते आता त्यांना कळत होते. दार अजून लागले नव्हते, माणसे सामान वर चढवत होती. भुंगा पिशवीतून मुंडके काढून दीनवाणा बघत होता. गोधडी नोंदीबरोबर ठेवून घेतली होती, पिशवीत नुसते प्लॅस्टिक होते. त्यांना त्याची दया आली. मांडीवर पिशवी घेऊन त्या त्याला थोपटू लागल्या आणि मफलरचे एक टोक त्याच्या तोंडाजवळ आले.

भुंगा आनंदाने थरारला. त्याने नाक लोकरीत खोल खुपसले, शेपटी हलू लागली. हेमलताबाई श्वास रोखून बघत होत्या. हलू दे, त्या मनात म्हणत होत्या, तशीच हलू दे. अजूनही कुठेतरी आतल्या आत त्यांना वाटत होते की सोड्याने सगळे निघत नाही, तो वास उदयरावांचाच होता, सर्दी खरीच होती, हाताचे काय, माणूस दमला की हात लोंबतो.

शेपटी थांबली. भुंग्याने कान पाडले, पाठ फिरवली, नाक पिशवीच्या कोपऱ्यात लावले आणि गप्प बसला. त्याच्या कपाळावर पिवळा दिवा लागला.

हेमलताबाईंनी दिव्यावर तळहात ठेवला. मुंबईत ही नोंद कुणी उघडून बघणार नव्हते. आपल्याकडे तो कायदा अजून आलेला नव्हता. अजून. दुसऱ्या हाताने त्यांनी फोन लावला. काय बोलायचे ते ठरवले होते. फोनलाही कान असतात, तेव्हा सावधपणे बोलायचे, आपल्या आजाराचे निमित्त करून त्याला मिरजेला आणायचे, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात, ऐकणारे कुणी नसताना, सांगायचे.

"समर, दिवाळीपर्यंत थांबू नकोस. बाळाचं बारसं झालं की लगेच ये. एकटा ये."

"फार त्रास होतोय का तुला?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते.

पलीकडे गाडीचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. त्याने गाडी कुठेतरी कडेला घेतली असावी. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज लहानपणी ताप चढल्यावर यायचा तसा होता.

"आई, बाबांचं तू असं का म्हणालीस, त्याचा मी मघापासून विचार करतोय. तुझं डोकं ठिकाणावर आहे. तू काहीही विसरलेली नाहीस. भुंग्याच्या पिशवीत गोधडी कुठली होती?"

हेमलताबाईंनी डोळे मिटून घेतले. तळहाताखाली भुंग्याचे इवलेसे कपाळ गरम लागत होते.

"फोनवर नको," त्या म्हणाल्या. "घरी ये."

फोन कानाला लावून त्या त्याचा श्वास ऐकत राहिल्या. विमानाचे दार लागले, पट्टे आवळा अशी सूचना झाली. त्यांच्या बोटांच्या फटींतून पिवळा उजेड पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पडला होता. पुढच्या माणसाने मागे वळून तो पाहिला, आणि दिवा कुणासाठी लागला आहे याची चौकशी न करता त्याने बटण दाबून दुसरी जागा मागितली.